गोव्यातल्या जुन्या घराला लादी: कोणती, कशी आणि कधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पेडण्यातल्या एका वाड्यावर वडिलोपार्जित घर, चिऱ्याच्या भिंती, मातीचे सांधे, खाली साधारण ९०० चौरस फूट तांबडा कोबा, म्हणजे सिमेंटची घोटून गुळगुळीत केलेली जमीन. कोबा जागोजागी फुटलाय आणि पावसात जमीन ओली होते. तुम्हाला मोठ्या चकचकीत व्हिट्रिफाइड लाद्या हव्यात, भावाला इटालियन मार्बल, वहिनींना लाकडी फ्लोअरिंग, आणि आईंचे गुडघे धरलेत. लादीवाला म्हणतो, ‘कोबा फोडायची गरज नाही, वरूनच चिकटवतो, गणेश चवथीआधी घर मोकळे करून देतो.’ आणि मे संपत आलाय.

मत आधी सांगतो, कारणे मागाहून. चवथीआधी लादी घालू नका. या पावसाळ्यात घराची ओल नीट बघून घ्या, बाहेरच्या पाण्याला वाट काढून द्या आणि लादीचे काम दिवाळीनंतर काढा. कुठली लादी घालायची हा तुमच्या घरापुरता तिसरा प्रश्न. पहिला, ओल कुठून येते. दुसरा, लादी ज्यावर बसणार तो थर कसा आहे. गोव्यात उखडलेल्या, फुगलेल्या, पोकळ वाजणाऱ्या लाद्या मी पुष्कळ काढल्या आहेत. त्यांत लादीचा स्वतःचा दोष क्वचितच सापडला. दोष खालीच असतो, आणि दुकानात आपण फक्त वरचे बघतो.

‘पावसात जमीन ओली होते’ असे सगळेच सांगतात, पण त्यात दोन वेगळे प्रकार असतात. एक म्हणजे घाम. जून-जुलैत दमट वारा घरात शिरतो, जमीन त्या वाऱ्यापेक्षा थंड असते आणि हवेतले पाणी तिच्यावर बसते. पंखा लावला, थोडे ऊन पडले की ते सुकते. दुसरा म्हणजे खालून चढणारी ओल. ती पंख्याने जात नाही. ओळखायचे कसे? दोन फूट लांब-रुंद जाड पारदर्शक प्लास्टिक घ्या, कोब्याच्या चांगल्या भागावर अंथरा, चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा आणि दिवसभर-रात्रभर तसेच ठेवा. पाणी प्लास्टिकच्या वर जमले तर घाम. प्लास्टिकच्या खाली थेंब आले किंवा कोबा काळपट पडला तर ओल खालून येते. ही चाचणी माजघरात, सोप्यावर (पुढच्या ओसरीवर) आणि मागच्या भिंतीलगत अशी वेगवेगळ्या जागी करा, आणि ती भर पावसातच करा. एप्रिलमध्ये सगळीच घरे कोरडी असतात.

चाचणीत खालून ओल निघाली, तर जुन्या घरात पुढे काय होते ते नीट समजून घ्या. चिऱ्याच्या जुन्या घरांना बहुधा जोत्यावर ओल अडवणारा थर नसतो. पूर्वी सारवलेली जमीन होती, मग कोबा आला. दोन्हींतून ओल थोडीथोडी वर येऊन उडून जायची. व्हिट्रिफाइड लादी पाणी जवळजवळ पीतच नाही, अर्ध्या टक्क्याहूनही कमी. तिने सगळी जमीन झाकली की ओलीला वर यायला वाट राहत नाही. ती कडेला सरकते आणि भिंतीत चढते. चिरा सच्छिद्र, मातीचा सांधा त्याहून जास्त. मग गिलाव्याचे पापुद्रे सुटतात, रंग फुगतो, आणि घरमालक रंगाऱ्याला बोल लावतो. तेरेखोल किंवा शापोरा नदीच्या काठाला, खाजनाला, म्हणजे खाडीकाठच्या सखल खाऱ्या शेतजमिनीला, लागून घर असेल तर त्यात खार मिसळतो. सांध्यांतून पांढरी पावडर फुटते, पुसली तरी पुन्हा येते.

म्हणून पहिला खर्च घराबाहेर करा. आतली जमीन बाहेरच्या खळ्यापेक्षा, म्हणजे अंगणापेक्षा, निदान दीड फूट उंच हवी. जुन्या घरांना ती उंची मुळात असते, पण दरवर्षी खळ्यावर माती टाकत, नंतर काँक्रीट, त्यावर पेव्हर असे चढवत गेल्याने जोते बुडते. ते उघडे करा. पागोळ्यांचे पाणी जोत्याच्या बाजूलाच पडत असेल तर तिथे उतार देऊन गटार काढा, नाहीतर छपराला पन्हाळी लावा. खळ्याचा उतार घरापासून दूर हवा. भिंतीला टेकून फुलझाडांचा वाफा असेल तर तो हलवा, कितीही जीव असला तरी. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातले जोत्याशी मुरणारे पाणी तोडले तर पुष्कळ घरांत अर्धी ओल तिथेच संपते. हे सगळे पाऊस जोर धरण्याआधी उरकता येते, आणि ते काम कितपत लागू पडले ते जुलैमध्ये त्याच प्लास्टिकच्या तुकड्याने कळते.

आता ‘वरूनच चिकटवतो’ याबद्दल. जुन्या जमिनीवर लादी चिकटवणे हे काम वाईट नाही. घट्ट, सपाट, कोरड्या जमिनीवर ते उत्तम होते आणि फोडाफोडीचा खर्च वाचतो. तुमची जमीन या तिन्हींत बसत नाही. लाकडी दांड्याने कोबा ठोकत सगळे घर फिरा. बद्द आवाज आला ती जागा खडूने मारा. इथे-तिथे एखादाच चट्टा निघाला तर तेवढे कापून भरता येईल. खोलीभर खुणा झाल्या तर कोबा सुटला आहे, त्यावर चिकटवलेली लादी त्याच्याबरोबरच हलणार. शिवाय कोब्यावर वर्षानुवर्षांचे मेण आणि तेल बसलेले असते. ते घासून काढून कोब्याला छिन्नीने खरड मारल्याशिवाय कुठलाही गोंद धरत नाही.

फोडायचेच ठरले तर तळापासून करा. कोबा आणि खालची भुसभुशीत माती काढा. वाळवीचे औषध फवारायचे ते याच वेळी, विशेषतः भिंतींच्या कडेने. वर काँक्रीट पडल्यावर ती संधी गेली. मग तांबडी माती किंवा मुरूम थराथराने, पाणी मारून चोपायचा. सगळी भर एकदम टाकून वरून चोपली तर फक्त वरचा भाग घट्ट होतो आणि पुढच्या पावसात जमीन बसते. त्यावर सहा-नऊ इंच दगडाचे सोलिंग, फटी बारीक खडीने भरलेल्या. त्यावर जाड प्लास्टिकचा कागद, २५० मायक्रॉनचा, जोडाला एक फूट एकमेकांवर आणि कडेला भिंतीवर थोडा चढवलेला. मग चार इंच काँक्रीट. कागदाने ओल वर येणे थांबते पण भिंतीकडे सरकणे थांबत नाही, म्हणूनच बाहेरचे गटार आधी म्हटले. वाळू कुठली येते ते डोळ्यांनी बघा. खाडीच्या मुखाकडची खारी वाळू स्वस्तात मिळते म्हणून उतरवून घेऊ नका, तिचा खार नंतर लादीच्या सांध्यांतून वर येतो. धुतलेली क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, बरी.

काँक्रीटला निदान सात दिवस पाणी मारायचे. त्यानंतर ते सुकायला वेळ द्यायचा, आणि इथेच चवथीचे गणित मोडते. ढोबळ हिशेबाने इंचभर जाडीचा सिमेंटचा थर सुकायला महिना लागतो, तोही कोरड्या हवेत. जुलैच्या हवेत काय सुकणार?

मग घालायचे काय? भावाच्या इटालियन मार्बलला मी सरळ नाही म्हणेन. मार्बल म्हणजे चुनखडीच्याच कुळातला दगड, त्याला आंबट चालत नाही. गोव्याच्या स्वयंपाकघरात सोले, चिंच, लिंबू, व्हिनेगर रोजचे. सोलांच्या आगळाचा एक थेंब रात्रभर राहिला तर रंग राहतो आणि जागेची चमकही जाते. त्यातून खालून ओल असेल तर पांढरा मार्बल पिवळा पडतो, दगडात आणि आपल्या तांबड्या मातीत लोह असते म्हणून. लाकडी म्हणून बाजारात मिळते ते बहुतेक लॅमिनेट, आत दाबलेला भुसा. पाणी लागले की कडा फुगतात आणि परत बसत नाहीत. तळमजल्यावर ते नकोच. वहिनींना लाकडाचे रूप हवे असेल तर लाकडाच्या नक्षीची व्हिट्रिफाइड पट्टी घ्या, आठ इंच रुंद आणि चार फूट लांब, एका झोपायच्या खोलीत. वरच्या मजल्यावर, कोरड्या स्लॅबवर, एसपीसीच्या (दगडाची पूड आणि प्लास्टिक मिळून केलेल्या) पट्ट्या चालतील. त्या पाण्याने फुगत नाहीत.

तुमच्या घरासाठी माझी पहिली पसंती कोटा दगड. हे ऐकून लोक नाक मुरडतात, कोटा म्हणजे शाळेचा व्हरांडा. पण राजस्थानचा चांगला निळसर-हिरवा कोटा, पाऊण ते एक इंच जाडीचा, जागेवर बसवून मशीनने पॉलिश केला की पायाला गार लागतो, थोडाफार ओलसरपणा सहन करतो, आणि दहा वर्षांनी चमक गेली तर पुन्हा घासता येतो. लादीचा वरचा थर एकदा गेला की गेला. कोट्यालाही ॲसिड चालत नाही, तोही चुनखडीच. न्हाणी धुवायची बाटली त्यापासून लांब ठेवा. पॉलिशच्या वेळी घरभर राखाडी चिखल होतो आणि भिंतींवर तो उडतो, म्हणून रंग आणि स्वयंपाकघराची कपाटे त्यानंतरच. शहाबाद त्याहून स्वस्त, मागच्या पडवीला आणि धुण्याच्या जागेला पुरेसा.

तांबडा कोबाच पुन्हा करायचा असेल तर मला आनंदच होईल, पण तो हाताने घोटून चमक आणणारा गवंडी आधी शोधा. असे कारागीर आता कमी राहिलेत. गवंडी मिळाला तर खोलीचे चौकोन पाडून, मध्ये काचेच्या पट्ट्या घालून करून घ्या. सलग मोठा कोबा तडकतोच.

व्हिट्रिफाइडच हवी असेल तर बाहेर गटार आणि खाली कागद झाल्यावर जरूर घाला. फक्त चकाकी नको, मॅट घ्या. ‘जीव्हीटी’ म्हणजे वर छापलेली नक्षी आणि काचेचा थर. ‘डबल चार्ज’मध्ये रंगाचा थर दोन-तीन मिलिमीटर आत जातो, वर्दळीच्या जागी तो जास्त टिकतो. आणखी एक, कारण हल्ली बरेच जण विचारतात: पणजीच्या फोंतैन्याशमध्ये भिंतींवर दिसतात तसल्या निळ्या-पांढऱ्या आझुलेजो जमिनीला चालतील का? भिंतीसाठी केलेल्या असतील तर नाही. त्यांची झिलई पायाखाली टिकत नाही आणि ओल्या पायाला त्या घसरतात. तसे रूप हवे तर जमिनीसाठी केलेली नक्षीची मॅट लादी मिळते, सोप्यावर गालिच्यासारखा चौकोन छान दिसतो.

आईंसाठी दोन गोष्टी. लादीच्या पत्रकावर घसरणीचा आकडा असतो, आर ९ पासून आर १३ पर्यंत. आत आर ९ किंवा आर १० चालेल, न्हाणीत आणि सोप्यावर आर ११ बघा. आकड्यावर नुसता विश्वास ठेवू नका. दुकानात लादी जमिनीवर ठेवून तिच्यावर पाणी ओतायला सांगा आणि अनवाणी उभे राहून पाय सरकवा. दुकानदार हसेल, हसू दे. दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. जमीन दोन इंच वर आली की पायऱ्यांची मापे बिघडतात. आत यायची शेवटची पायरी उंच होते, माडीवर जाणाऱ्या जिन्याची पहिली पायरी ठेंगणी होते, आणि म्हातारे माणूस सवयीने टाकलेल्या पावलावरच पडते. उंबरठाही बुडतो, दारे घासतात. म्हणून फोडायच्या आधी भिंतीवर नव्या जमिनीची रेघ मारून घ्या आणि पायऱ्या, उंबरठे, दारे सगळे त्या रेघेवरून तपासा. तळापासून काम करण्याचा हाही एक फायदा: जमीन जुन्याच पातळीला ठेवता येते.

खरेदीत फसायची जागा म्हणजे खोक्याचे माप. दोन बाय दोन म्हणतात ती लादी ६०० मिलिमीटरची असते, पूर्ण दोन फुटांची नाही. चार लाद्यांच्या खोक्यात १.४४ चौरस मीटर, म्हणजे साडेपंधरा चौरस फूट. दुकानात सोळाचा हिशेब करतात. तुमच्या ९०० फुटांना आठ टक्के तूटफूट धरली तर ९७२ फूट. सोळाने भागले तर ६१ खोकी, साडेपंधराने ६३. दोन खोकी कमी पडली की पुन्हा आणायला जाता आणि तेव्हा त्या शेडचा माल संपलेला असतो. गुजरातेत मोरबीला लाद्यांचे कारखाने आहेत, तिथून येणाऱ्या प्रत्येक खेपेत रंगाची छटा थोडी बदलते. सगळ्या खोक्यांवरचा शेड आणि बॅच क्रमांक एकच आहे ना, ते टेम्पो उतरवतानाच बघा. वर आणखी एक-दोन खोकी घेऊन माळ्यावर ठेवा. दोन लाद्या तोंडाला तोंड लावून उभ्या धरा. मध्ये फट दिसली तर लादी वाकडी आहे. दोन बाय चारच्या लांब लादीत ही वाक हमखास असते. ती विटांसारखी अर्ध्यावर जोड देऊन बसवली तर एकीच्या पोटाशी दुसरीची कड येते आणि बोट अडखळते. एक तृतीयांशावर जोड द्या किंवा सरळ रेषेत बसवा.

बसवताना मुख्य भांडण गोंदावरून होणार. व्हिट्रिफाइड लादी पाणी पीत नाही, त्यामुळे सिमेंटची पेस्ट तिला नीट धरत नाही. ती भिजत घालूनही उपयोग नाही, भिजवायची ती साधी सिरॅमिक. व्हिट्रिफाइडला पिशवीतला ॲडहेसिव्हच हवा. पिशवीवर आयएस १५४७७ आणि टाईप लिहिलेला असतो: टाईप १ साध्या सिरॅमिकला, टाईप २ व्हिट्रिफाइडला, आणि मोठ्या लादीला किंवा जुन्या लादीवर नवी चिकटवायला टाईप ३. २० किलोची पिशवी साधारण ४० ते ५० चौरस फुटांना पुरते. कारागीर १०० फुटांना पुरवतो म्हणाला तर तो मध्ये एक आणि कोपऱ्यांत चार गोळे ठेवून लादी दाबणार आहे. ते चालवून घेऊ नका. गोळ्यांच्या मध्ये पोकळी राहते, नारळ फोडताना लादीही फुटते. दातेरी थापीने सगळीकडे एकाच दिशेने गोंद ओढायचा, मोठ्या लादीच्या पाठीलाही पातळ थर द्यायचा. काम चालू असताना मधूनच एखादी नुकती बसवलेली लादी उचलायला लावा. पाठ पूर्ण माखलेली दिसली पाहिजे.

‘जॉइंट दिसायला नको’ हा आग्रह सोडा. दोन लाद्यांत दोन-तीन मिलिमीटरची फट ठेवाच, आणि भिंतीलगत सात-आठ मिलिमीटर, ती स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या तळाला लावायच्या पट्टीखाली, झाकते. फट नसेल तर उन्हाळ्यात लाद्या प्रसरण पावतात आणि एके दुपारी मोठा आवाज होऊन मधल्या दोन लाद्या तंबूसारख्या उभ्या राहतात. लोक भूकंप झाला म्हणून बाहेर येतात. सांधे निदान एक दिवस थांबून भरा. स्वयंपाकघर आणि न्हाणीत इपॉक्सी भरा, बाकी घरात साधा सिमेंटचा ग्राउट (सांधे भरायचा माल) पुरे. इपॉक्सीची पुसणी लगेच झाली पाहिजे, सुकल्यावर तो लादीवरचा पडदा निघता निघत नाही.

न्हाणीत लादी लहान घ्या, एक बाय एक. उतार लहान लादीलाच नीट देता येतो: चार फुटांना पाऊण इंच, जाळीकडे. वॉटरप्रूफिंग झाल्यावर, लादी घालण्याआधी, जाळी बंद करून दोन दिवस पाणी साठवून ठेवा आणि पातळीवर खूण करा. घाई असलेला कारागीर हे टाळतो.

लादीचा दर चौरस फुटाने आणि स्कर्टिंगचा धावत्या फुटाने, हे आधी कागदावर घ्या; उचल-हलव, कटिंग, पायऱ्यांच्या गोल कडा कुणाच्या खर्चात तेही. शेवटचा हप्ता लादी बसून आठवडा झाल्यावर, दांड्याने ठोकून झाल्यावर द्या. कोपऱ्यात कुठे जरा पोकळ वाजले तर ताणू नका. मधोमध किंवा दाराच्या वाटेवर वाजले तर ती लादी काढूनच घ्यायची.

यंदाच्या चवथीपुरते, जिथे माटोळी बांधता आणि गणपती बसतो त्या खोलीतला फुटका कोबा तेवढा दुरुस्त करा. फुटक्या जागेच्या कडा चौकोनी कापा, धूळ झाडून भिजवा, सिमेंटचा घोळ मारा, मग एकास तीन माल (एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू) तांबडा ऑक्साइड घालून भरा आणि घोटा. आठवडाभर ओले पोते ठेवा. रंग जुन्याशी जुळणार नाही, पण कुणी अडखळणार नाही. जुलैतल्या प्लास्टिकच्या चाचणीचे काय झाले ते कळवा, त्यावरून कोटा की लादी ते पक्के सांगतो.